काही न दिसण्यासाठी घेतलेला कॉम्प्युटर

मी आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर घ्यायला गेले, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी मला एका लाकडी खुर्चीवर बसवलं आणि मोजपट्टी लावून जमिनीपासून माझ्या डोळ्यांपर्यंतची उंची मोजली. आकडा वहीत उतरवला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मान ताठ ठेवून बसायची सवय आहे, की आत्ता फक्त मला दाखवायला?"

मी म्हटलं, "काका, मला प्रोसेसर कोणता घ्यावा ते विचारायचं होतं."

"एक म्हणजे मी तुमचा काका नाही. काका म्हटलं की लोक पुढच्याच वाक्यात डिस्काउंट मागतात. दुसरं, प्रोसेसरकडे तुम्ही बघणार नाही आणि त्याला हातही लावणार नाही. त्याचं शेवटी बघू. आधी बसायचं कशावर आणि बघायचं कशाकडे ते ठरू दे."

सदाशिव पेठेत राहायला लागून मला वर्ष होत आलं होतं, त्यामुळे असल्या बोलण्याची थोडीफार सवय झाली होती. तरी राग आलाच. उठून निघून जावं असं वाटलं. गेले नाही, कारण दुकानांतला तयार कॉम्प्युटर मला परवडणारा नव्हता. न गेल्याचं मला आजही बरं वाटतं.

मार्केट यार्डात त्यांना सगळे काटेवाले म्हणत. गुलटेकडीच्या बाजूला एका बारदानाच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, दुकानावर माडी होती, तिथे त्यांची दहा बाय बाराची खोली. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आडत्यांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवली होती. मग इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि जुने भंगारात निघाले. पन्नाशी उलटलेल्या या माणसाने तेव्हा सर्किटं शिकून घेतली. पुढे आडत्यांना हिशेबासाठी कॉम्प्युटर हवेसे झाले, आणि आपला काटा जो दुरुस्त करतो त्यालाच कॉम्प्युटर जोडून द्यायला सांगावं, हे त्यांना अगदी साहजिक वाटलं. काटेवाल्यांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचे मामा कांद्याचे आडते होते, त्यांनी मला तिथे पाठवलं होतं.

पाठवताना मामांनी सांगितलं होतं, "माणूस सरळ आहे, पण 'अंदाजे' हा शब्द त्याच्यासमोर काढू नका."

ते खरंच होतं. "थोड्या वेळात येते" म्हटलं की "किती वाजता?" "अर्धा कप चहा" म्हटलं की "अर्धा म्हणजे काय? कप कोणता?" त्यांच्या टेबलावर एक जुना दोन पारड्यांचा तराजू होता, आणि बाजारातून आणलेला प्रत्येक भाग ते आधी त्यात टाकायचे. कॉम्प्युटरला वीज पुरवणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस, तर ते फक्त वजनावर निवडत. पेटीवरच्या लेबलावर कितीही वॅट छापलेले असोत, ते लेबल वाचायचेच नाहीत. "छापायला काय जातं? आत तांबं घातलं असेल तर पेटी जड लागेल, नसेल तर हलकी." त्यांच्या हातचे कॉम्प्युटर यार्डाच्या धुळीत आणि लोडशेडिंगमध्ये वर्षानुवर्षं चालत, त्यामुळे कोणी हसत नसे. आणि एक म्हणजे, तयार झालेलं प्रत्येक कॅबिनेट ते मोठ्या काट्यावर ठेवून तोलायचे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला वजन लिहून ठेवायचे. यामुळे माझी एकदा चांगलीच फजिती झाली, ते पुढे सांगते.

माझी गरज अशी होती. मी तेव्हा शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकत होते. आठवड्यातले चार दिवस स्वारगेटवरून पहाटेची एसटी पकडायची आणि दोन तासांवरच्या फ्लाइंग क्लबात पोहोचायचं. नव्या नव्या विमानकंपन्या निघत होत्या आणि पेपरात गणवेशातल्या मुलींचे फोटो यायचे. असा एक फोटो कापून माझ्या वडिलांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. ते विदर्भातल्या एका छोट्या गावात पोस्टमास्तर होते. आमच्या वस्तीतून इंजिनिअर झाले होते, तहसीलदार झाले होते. विमानाच्या वाटेला कोणी गेलं नव्हतं. मी उडणार हे वडिलांनी पोस्टात येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगून झालं होतं.

आणि मी नापास होत होते. मोकळ्या आकाशात मी बरी उडायचे. पण पायलटला ढगातूनही उडता यावं लागतं, आणि ढगात बाहेरचं काहीच दिसत नाही. त्याची परीक्षा अशी की डोक्यावर पुढे झापड असलेली टोपी घालतात, खिडकी दिसेनाशी होते, आणि समोरच्या सहा तबकड्यांवरचे काटे वाचून विमान सरळ ठेवायचं असतं. इथे माझं घोडं अडलं होतं. विमान बराच वेळ डावीकडे वळत राहिलं आणि मग सरळ झालं, की कानातला तोल फसतो आणि आपण उजवीकडे पडतोय असं वाटायला लागतं. काटा सांगायचा, सरळ आहेस. सगळं अंग सांगायचं, पडतेयस. मी दोन्ही वेळा अंगाचं ऐकलं, पुन्हा डावीकडे कलंडले, आणि दोन्ही वेळा परीक्षकांनी कंट्रोल हातात घेतला. तिसरी संधी शेवटची होती. ती गेली की शिष्यवृत्ती बंद आणि शिक्षणही बंद. दुसऱ्यांदा नापास झाल्याचं मी घरी कळवलंच नव्हतं.

क्लबातल्या मुलांनी सांगितलं, घरी कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर टाक आणि सराव कर. ग्राफिक्स कार्ड मात्र भारीतलं घे, बाकी काही चालेल. टिळक रोडवरच्या दुकानातल्या माणसानेही तेच सांगितलं आणि त्याच्या स्क्रीनवर मला डोंगर, नद्या, मावळता सूर्य दाखवला. मी खुळावलेच. तेच कार्ड हवं म्हणून मी काटेवाल्यांकडे हट्ट धरला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही नापास कशात झालात?"

"ढगात उडण्यात."

"ढगात काय दिसतं?"

"काही नाही."

"मग काही न दिसण्यासाठी इतकं महाग कार्ड कशाला?"

मी कार्डाचं नाव टाकलं. 

पुढचे दोन आठवडे त्यांनी माझा कॉम्प्युटर उलट्या बाजूने जमवला. आधी खुर्ची, जुन्या बाजारातली, बिनचाकांची. "विमानातली खुर्ची मागे सरकते का उडताना? मग?" नंतर मॉनिटर. तेव्हा पातळ स्क्रीन नुकतेच आले होते आणि सगळे त्यांच्या मागे होते. काटेवाल्यांनी एका दुकानात तसल्या स्क्रीनवर हलणारी सुई बघितली, दोन पावलं मागे जाऊन बघितली, आणि म्हणाले, "सुईच्या मागे सावली राहते. नको." त्यांनी सतरा इंची जुन्या पद्धतीचा डबडा मॉनिटर घेतला आणि तो विटांवर चढवून माझ्या डोळ्यांच्या मोजलेल्या उंचीवर आणला, म्हणजे मान न हलवता सहाही तबकड्या एका नजरेत येतील. ढगात मान हलवली की तोल आणखी फसतो, असं आमचे इन्स्ट्रक्टर ओरडून सांगायचे. काटेवाल्यांनी ते माझ्याकडून एकदाच ऐकलं होतं.

मग जॉयस्टिक. त्यांनी चार दुकानांतल्या जॉयस्टिक हलवून बघितल्या. सोडली की बरोबर मध्यभागी येते का, एवढंच ते बघत. एकही आली नाही. शेवटी त्यातल्या त्यात बरी होती ती घेतली, घरी नेऊन खोलली आणि आतला भाग साफ करून, स्प्रिंग बदलून आणली. पायाने दाबायची पेडल विकत मिळत होती, पण त्यांना ती पसंत पडली नाहीत. ती त्यांनी एका मोडीत काढलेल्या काट्याच्या तरफेपासून बनवली. सगळ्यात शेवटी प्रोसेसर आणला, आणि तो मात्र बाजारातला सर्वांत ताकदीचा. "सुई अडखळत हलली तर तुम्ही अडखळत शिकाल," असं म्हणून त्यांनी कार्डाचे वाचलेले सगळे पैसे त्या एका भागावर घातले. मदरबोर्डवर जे काय चित्र दाखवायची सोय होती तेवढ्यावर त्यांनी भागवलं.

त्यांनी माझं आडनाव विचारलं ते थेट बिल करताना, आणि तेही स्पेलिंग चुकू नये म्हणून. पेठेत खोली शोधताना तीन घरांत आडनाव आधी विचारलं होतं, आणि ते ऐकल्यावर तिन्ही खोल्या नेमक्या आदल्या दिवशीच गेल्या होत्या. त्यामुळे हे माझ्या लक्षात राहिलं. बिलावर फोन नंबर लागतो म्हणाले. खोलीवर फोन नव्हता, म्हणून मी वडिलांच्या पोस्टाचा नंबर दिला.

आता फजिती. कॉम्प्युटर खोलीवर आला आणि मी आठवडाभर इमानदारीत काटे वाचले. नंतर क्लबातल्या एका मुलाने आपलं जुनं ग्राफिक्स कार्ड देऊ केलं. मी ते बसवलं. मग काय विचारता! मी पर्वतीवरून उडाले, सिंहगडाला वळसा घातला, कोकणात उतरून समुद्रावरून गेले. मैत्रिणी मागे उभ्या राहून "अगं, आमच्या गावावरून ने ना" म्हणायच्या, की मी त्यांच्या गावावरून न्यायचे. ढगात मात्र गेले नाही. परीक्षेला महिना उरला होता.

अशात कॅबिनेटमधला पंखा घरघरायला लागला आणि मला ते रिक्षात घालून यार्डात न्यावं लागलं. निघण्यापूर्वी कार्ड काढून ठेवायचं सुचलं नाही. त्यांना दिसलं तर काहीतरी थाप मारू असं वाटलं. काटेवाल्यांनी कॅबिनेट न उघडता आधी मोठ्या काट्यावर ठेवलं. मग वहीत बघितलं.

"एकशे ऐंशी ग्रॅम जास्त आहे," ते म्हणाले.

"धूळ असेल," मी म्हटलं.

"एकशे ऐंशी ग्रॅम? कॉम्प्युटर काय पिठाच्या गिरणीत ठेवला होतात?" मग माझ्याकडे शांतपणे बघत त्यांनी विचारलं, "कुठे कुठे फिरून आलात?"

मी खालमानेने सांगितलं. पर्वती, सिंहगड, कोकण.

"छान. हवा चांगली होती?"

"हो."

"आणि ढगात कधी जायचं ठरलंय?"

मला रडू फुटलं. ते कार्डावरून नव्हतं. मी ढगात का जात नव्हते हे मला तोपर्यंत कोणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मला भीती वाटते. काटा दिसतो, कळतो, पण आतून पटत नाही हो. अंग ओरडून सांगत असतं की पडतेयस, आणि मग माझा हात आपोआप जातो. बाकीच्या मुलांना पटतं, मला पटत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे.

त्यांनी वही मिटली. चपला घातल्या आणि म्हणाले, "चला खाली."

खाली गुळाच्या गाळ्यात त्यांनी एक दहा किलोची ढेप मागून घेतली. शेजारून कुरमुऱ्यांचं एक भलंमोठं पोतं आणवलं आणि त्यातले काढत काढत काट्यावर बरोबर दहा किलो केलं. दोन्हींना सुतळीच्या कड्या बांधल्या. मला काटा दाखवला: हेही दहा, तेही दहा. मग म्हणाले, "उचला. एका हाताने एक, मग त्याच हाताने दुसरं."

मी उचललं. ढेप चांगली जड लागली. पोतं त्यामानाने हलकं.

"कोणतं जड?"

"सारखंच आहे. पण ढेप जड लागते."

"पुन्हा उचला."

पुन्हा तेच. मी चार वेळा उचललं, चारही वेळा ढेपच जड. मग त्यांनी तिथल्या एका हमालाला हाक मारली. वयाने माझ्या वडिलांएवढे, खांद्यावर पोत्याचा घट्टा पडलेला. त्यांनी दोन्ही वस्तू सहज उचलून ठेवल्या आणि हसायला लागले.

"मला ठावं हाय की, काटेवाले. सारखंच हाय. पर हाताला गूळच जड लागतोय. समद्यांना तसंच लागतं."

"किती वर्षं झाली तुम्हाला यार्डात?"

"तीस तरी झाली असतील."

काटेवाले माझ्याकडे वळले. "ऐकलंत? तीस वर्षं यांचा हात वजन उचलतोय. यांना माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि दोघांचेही हात ऐकत नाहीत. तुमच्यात काही कमी नाही. हाताला पटेल म्हणून वाट बघायचीच नाही. त्याला कधीच पटणार नाही. काट्यावर आहे ते वहीत उतरवायचं आणि पुढचं पोतं घ्यायचं."

मला आमच्या इन्स्ट्रक्टरांनी हीच गोष्ट इंग्रजीत निदान पन्नास वेळा सांगितली होती. पण त्यांच्या सांगण्यात असं असायचं की, तू विश्वास ठेवायला शीक. मी विश्वास ठेवायचा जीव तोडून प्रयत्न करायचे आणि तो बसायचा नाही. विश्वास बसायची काही गरजच नाही, हे मला त्या गुळाच्या गाळ्यात पहिल्यांदा कळलं. इतकं हलकं वाटलं की मी तिथेच हसायला लागले, आणि ते हमालकाकाही माझ्याबरोबर हसत राहिले.

त्यानंतर कॉम्प्युटर परत खोलीवर गेलाच नाही. काटेवाल्यांनी तो आपल्या माडीवरच मांडून घेतला, विटांसकट. कार्ड कागदात गुंडाळून मला परत दिलं. दुपारी यार्डातली गर्दी ओसरली की मी जायचे. मी एकदा म्हटलं, कॉम्प्युटरवर बसून अंगाला काही वाटतच नाही, मग फसवणूक होणार कशी? दुसऱ्या दिवशी तिथे एक गोल फिरणारं स्टूल आलेलं होतं. मला त्यावर बसवून, डोळे मिटायला लावून, ते घड्याळ हातात धरून मला एक मिनिटभर सावकाश डावीकडे फिरवत. मग स्क्रीनसमोर थांबवत आणि म्हणत, "वाचा." सगळं अंग उजवीकडे गरगरत असायचं आणि मी मोठ्याने काटे वाचायचे: उंची इतकी, वेग इतका, पंख सरळ. खालचे लोक जिन्यातून डोकावून बघायचे. बाईला वेड लागलंय आणि काटेवाले उतरवतायत, अशी बातमी यार्डात पसरली होती, असं मामांनी नंतर सांगितलं.

मी सरावले तसा त्यांनी पुठ्ठ्याचा एक गोल कापला आणि माझं लक्ष नसताना तो स्क्रीनवर एखाद्या तबकडीवर चिकटवायला लागले. पहिल्यांदा मी चिडले. तुम्हीच म्हणता काट्यावर आहे ते उतरवा आणि तुम्हीच काटा झाकता!

"काटाही बिघडतो. मी आयुष्यभर पोट कशावर भरलं मग? एक बिघडला तर उरलेल्या पाचांना विचारायचं. ते पाच आहेत कशाला? हाताला विचारायला मात्र जायचं नाही."

विमानाबद्दल त्यांना जवळजवळ काहीच माहिती नव्हती. विमानात ते तोपर्यंत कधी बसलेही नव्हते. पुढे एकदाच बसले, मुलीकडे दिल्लीला जाताना, तेही मी फार मागे लागले म्हणून. तेव्हा विमानतळावर सामान तोलायच्या काट्यावर त्यांनी आपल्या पिशवीतलं पितळेचं एक किलोचं वजन ठेवून काटा तपासायला घेतला. मागे रांग खोळंबली आणि सुरक्षारक्षक आला. काटा बरोबर निघाला तेव्हा कुठे त्यांनी बॅग चढवू दिली. प्रवास कसा झाला असं विचारलं तर म्हणाले, "खिडकीजवळची जागा दिली होती. बाहेर ढग होते. काही दिसलं नाही." आता ते जाऊनही बरीच वर्षं झाली. मी विमानाच्या डाव्या खुर्चीत बसते, म्हणजे कॅप्टनच्या, आणि पावसाळ्यात पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरताना शेवटच्या क्षणापर्यंत बाहेर काही दिसत नाही, तेव्हा मागच्या दीडशे माणसांना ठाऊक नसतं की त्यांना खाली कोण उतरवतंय. मी तरी एकटी उतरवत नसते. मला कोणी विचारलं की तुम्ही विमान चालवायला कुठे शिकलात, तर मी क्लबाचं नाव सांगते आणि सांगताना खोटं बोलल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी माडीवर गेले तेव्हा ते एका आडत्याच्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसले होते. मी म्हटलं, उद्या आहे. म्हणाले, "ठाऊक आहे. वहीत लिहिलंय." आणि पुन्हा कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. मी जिना उतरून आले. निदान शुभेच्छा तरी द्यायला काय हरकत होती, असं मनात आलं.

परीक्षक बाहेरगावचे होते, हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. टोपी चढली, खिडकी गेली. त्यांनी मला डावीकडे लांबलचक वळण घ्यायला लावलं आणि मग सरळ व्हायला सांगितलं. मी सरळ झाले, आणि व्हायचं तेच झालं. सगळं अंग उजवीकडे पडायला लागलं. नेमक्या त्याच वेळी त्यांनी हात पुढे करून, विमान कललंय की नाही ते दाखवणारी तबकडी रबरी चकतीने झाकली. माझा हात डावीकडे जायला निघाला होता. मी तो तिथेच धरला. उरलेले पाच काटे वाचले. उंची तीच, वेग तोच, दिशा तीच. म्हणजे सरळ. अंगाला काय वाटायचं ते वाटू दे. पुढचं पोतं. पुन्हा पाच काटे. पुढचं पोतं. किती वेळ गेला कोण जाणे. विमान उतरल्यावर परीक्षकांनी हिंदीत विचारलं, "तुम्ही मंत्र कसला पुटपुटत होतात?" मी मोठ्याने बोलत होते हे मला ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी माझ्या लॉगबुकात सही केली.

एसटी स्टँडसमोर फोनचं बूथ होतं. दुपारचे अडीच वाजले होते. मी आधी काटेवाल्यांचा नंबर फिरवला. एंगेज. दोन मिनिटांनी फिरवला, एंगेज. यार्डात बाजाराच्या दिवशी फोन असा कधी लागायचाच नाही, म्हणून मी तिसऱ्यांदा फिरवला आणि या वेळी तो पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"कोण?"

"मी बोलतेय. पास झाले."

 "वडिलांना सांगितलंत?"

"नाही अजून. आधी तुम्हाला—"

"मग माझ्याशी काय बोलत बसलात? त्यांना करा फोन." आणि ठेवून दिला.

मी रिसीव्हरकडे बघत उभी राहिले. इतके दिवस मला फिरवणारा, विटा रचणारा, पेडल बनवणारा माणूस, आणि एक अभिनंदन म्हणवत नाही! डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यातलं निम्मं रागाचं होतं. मग मी पोस्टाचा नंबर फिरवला. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून वडिलांचा आवाज आला.

"झाली का तू पास? पहिले तेवढं सांग."

"झाले, बाबा." आणि मग माझ्या लक्षात आलं. "पण तुम्हाला कोणी सांगितलं आज परीक्षा होती म्हणून?"

वडील रडत होते, त्यामुळे त्यांना बोलायला थोडा वेळ लागला. "त्या तुझ्या काटेवाल्यांनी. सकाळी दहा वाजता फोन आला त्यांचा. म्हणे, काही कळलं का? मी म्हटलं, कशाचं? मले काहीच माहीत नव्हतं ना, पोरी. तर बिचारे एकदम ओशाळले. म्हणाले, माझी चूक झाली, तिने सांगितलं नसेल तर मी सांगायला नको होतं. मग मीच त्यांच्या मागं लागलो, तेव्हा सगळं सांगितलं त्यांनी. दोनदा नापास झाली ते, आणि आज शेवटचं आहे ते."

"मग?"

"मग बारा वाजता पुन्हा केला. आत्ता दोन वाजता पुन्हा केला, आणि ठेवायलाच तयार नाहीत. बोलतही नव्हते काही. मी पण काय बोलू? दोघंही नुसते फोन कानाला लावून बसलो होतो, अर्धा तास. शेवटी मीच म्हटलं, साहेब, आता ठेवा तुम्ही. पोरगी पहिला फोन तुम्हालाच लावत असेल."